शेणखताच्या ढिगातील ओलाव्याचे नियोजन

गाई-म्हशीच्या ताज्या शेणात वजनाच्या 80 ते 85 टक्के पाणी असते, आणि ते शेण नीट कुजायचे असेल तर ढिगात 50 ते 60 टक्केच पाणी असावे लागते. कंपोस्ट करताना येणाऱ्या बहुतेक अडचणी या दोन आकड्यांमधल्या अंतरातून निर्माण होतात. मराठीत प्रचलित असलेल्या खताच्या कृती मात्र बहुधा याच्या उलट परिस्थितीत तयार झाल्या आहेत. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी रूढ केलेली नाडेप पद्धत हे त्याचे सर्वांत परिचित उदाहरण होय. दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तीन फूट उंच अशा जाळीदार विटांच्या टाक्यात सुमारे दीड टन काडीकचरा, अवघे 100 किलोच्या आसपास शेण, पावणेदोन टन कोरडी माती आणि दीड ते दोन हजार लिटर पाणी असे तिचे प्रमाण आहे. जिथे काडीकचरा मुबलक आणि शेण दुर्मीळ, अशा कोरडवाहू शेतासाठी हे प्रमाण अचूक आहे. छत्तीसगडमधील दुर्ग-भिलाईच्या कडेला बोरसीसारख्या भागात चार-सहा दुभती जनावरे बाळगणाऱ्या कुटुंबाची स्थिती अगदी वेगळी असते, कारण तिथे शेण रोज साचते, गोठा पाण्याने धुतला जातो, वर्षाचा 1000 ते 1200 मिलिमीटर पाऊस बहुतांशी जून ते सप्टेंबर या चारच महिन्यांत कोसळतो, आणि जागेची तर कायमचीच टंचाई असते. अशा पशुपालकाने नाडेपच्या कृतीतील पाण्याचा आकडा जसाच्या तसा उचलला, तर त्याच्या हाती खताऐवजी दुर्गंधीयुक्त चिखल येण्याचीच शक्यता अधिक.

ढिगातील पाण्याचे महत्त्व दुहेरी आहे. सेंद्रिय पदार्थ कुजवणारे जीवाणू त्या पदार्थाच्या पृष्ठभागावरील पाण्याच्या पातळ थरातच जगतात, त्यामुळे ओलावा 40 टक्क्यांच्या खाली गेला की त्यांचे काम मंदावते आणि तो 30 टक्क्यांच्याही खाली उतरला की जवळजवळ थांबते. दुसरीकडे, त्याच जीवाणूंना प्राणवायू लागतो आणि तो कणांमधल्या पोकळ्यांतून येतो. या पोकळ्या पाण्याने भरल्या तर प्राणवायूचा पुरवठा तुटतो, कारण पाण्यातून तो हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पटींनी हळू पसरतो. ओलावा 65 टक्क्यांच्या पुढे गेल्यावर ढिगाच्या गाभ्यात म्हणूनच प्राणवायूविना जगणाऱ्या जीवाणूंचे राज्य सुरू होते, आंबट आणि कुजक्या अंड्यासारखा वास येऊ लागतो, तापमान चढत नाही आणि माश्यांच्या अळ्यांना आयते घर मिळते. जमिनीला वाफसा असताना मातीत जशी ओल आणि हवा एकाच वेळी नांदते, तशीच अवस्था ढिगातही साधायची असते.

पाण्याचा हा हिशेब पैशाचाही असतो. छत्तीसगड शासनाने 20 जुलै 2020 रोजी, हरेली सणाच्या दिवशी, गोधन न्याय योजना सुरू करून पशुपालकांकडून 2 रुपये किलो दराने शेण विकत घेण्यास प्रारंभ केला आणि गावोगावच्या गोठाणांमध्ये महिला बचत गटांकडून त्याचे गांडूळखत करून घेतले. ज्या शेणात 82 टक्के पाणी आहे, त्याच्या एका किलोत कोरडा भाग 180 ग्रॅमच असतो, म्हणजे प्रत्यक्षात कोरड्या भागासाठी किलोमागे 11 रुपये मोजले गेले. तेच शेण दिवसभर उन्हात सुकून 70 टक्के ओलाव्यावर आले असते, तर हा हिशेब सहा-सात रुपयांवर आला असता. शेणाची किंवा खताची खरेदी-विक्री वजनावर करणाऱ्या प्रत्येकाने ही बाब ध्यानात ठेवणे हिताचे आहे, आणि विकणाऱ्यापेक्षा विकत घेणाऱ्याने अधिक.

ढिगाचा ओलावा प्रत्यक्षात गोठ्यातच ठरतो, ही गोष्ट मार्गदर्शनाच्या पुस्तकांत पुरेशा ठळकपणे सांगितली जात नाही. शेण आणि मूत्र एकत्र धरले तरी त्यातील पाणी पेंढ्याच्या मदतीने आवरता येण्याजोगे असते. आवरता येत नाही ते नळीने गोठा धुताना वापरलेले पाणी. शेणावरच पाण्याचा झोत सोडून ते मोरीच्या दिशेने ढकलण्याची सवय अनेक गोठ्यांत दिसते, आणि एकदा शेणाचा असा रबडा झाला की त्याला सावरण्यासाठी लागणारा पेंढा कोणत्याही लहान पशुपालकाला परवडत नाही. त्यामुळे शेण आणि ओला पेंढा आधी फावड्याने कोरडाच उचलून घमेल्यात भरावा, त्यानंतरच फरशी धुवावी, आणि धुण्याचे पाणी वेगळ्या चरातून परसातील केळी, पपई किंवा चाऱ्याच्या वाफ्याकडे न्यावे. गोठ्याच्या जमिनीला मूत्रवाहिनीकडे हलका उतार दिलेला असेल तर मूत्र साचत नाही आणि जनावरांचे खूरही निरोगी राहतात. महाराष्ट्रात अलीकडे पसरलेल्या मुक्तसंचार गोठ्यांमध्ये जनावरे मोकळ्या अंगणात फिरतात आणि तिथले शेण उन्हा-वाऱ्याने बरेचसे आपोआप सुकते. शहरी वस्तीत तेवढी जागा नसली, तरी उपलब्ध जागेचा एखादा कोपरा कोरडा व उघडा ठेवण्याचा फायदा मिळतोच.

जनावरांच्या खाली पसरायच्या अंथरणासाठी बोरसीच्या परिसरात सर्वांत सोयीचा पदार्थ भाताचा पेंढा आहे, ज्याला छत्तीसगडीत पैरा म्हणतात. उन्हात वाळलेल्या पैऱ्यात 10 ते 12 टक्केच ओलावा असतो आणि तो स्वतःच्या वजनाच्या दुप्पट ते तिप्पट पाणी शोषू शकतो. शिवाय त्याच्या पोकळ काड्या ढिगाला आतून आधार देऊन हवेसाठी वाट मोकळी ठेवतात. अखंड लांब पैरा दाताळ्याला गुंडाळला जातो आणि उलथापालथ करताना त्रास देतो, त्यामुळे त्याचे वीतभर किंवा त्याहून लहान तुकडे करून वापरणे उत्तम. मात्र त्याचा अगदी बारीक भुसा करू नये, कारण तसे केल्यास शोषण वाढते पण पोकळ्या दबून जातात. जनावराने गव्हाणीत टाकलेले उष्टे आणि बुरशी लागल्यामुळे चारा म्हणून निरुपयोगी झालेला पैराही येथे कामी येतो.

तांदळाच्या गिरण्यांतून मिळणाऱ्या तुसाबद्दल मात्र पुष्कळ गैरसमज आहे. तूस हलके, कोरडे आणि सहज उपलब्ध असल्यामुळे ते भरपूर पाणी टिपेल असे वाटते. प्रत्यक्षात त्याच्यावर सिलिकेचे गुळगुळीत कवच असल्याने ते पाणी फारसे शोषत नाही आणि कुजायलाही फार वेळ घेते. ढिगात पोकळी राखण्याचे काम ते चांगले करते, म्हणून पैऱ्याच्या जोडीला थोडे वापरावे, पण निव्वळ तुसाच्या भरवशावर ओले शेण सावरण्याचा प्रयत्न करू नये. लाकडाचा भुसा पाणी उत्तम शोषतो. त्याचा दोष असा की त्यात नत्र, म्हणजे नायट्रोजन, नगण्य असते आणि कार्बन प्रचंड, त्यामुळे तो जास्त झाला तर जीवाणू नत्रासाठी अडून बसतात. रंगकाम किंवा कीडरोधक प्रक्रिया झालेल्या लाकडाचा भुसा मुळीच घेऊ नये. वाळलेला पालापाचोळा, सोयाबीनचे काड, तुरीच्या तुराट्यांचा चुरा हे सर्व पदार्थ चालतात, परंतु ओला पाला एकमेकांना चिकटून थापीसारखा बसतो, म्हणून तो पैऱ्यात मिसळूनच वापरावा. चुलीची राख किंवा चुना टाकून ओल सुकवण्याचा उपाय काही ठिकाणी केला जातो. त्याने ढीग अल्कधर्मी होतो आणि शेणामुत्रातील नत्र अमोनिया वायूच्या रूपाने उडून जाते, तेव्हा तो टाळलेलाच बरा.

किती शेणाला किती पैरा, याचे उत्तर साध्या अंकगणिताने काढता येते. 82 टक्के ओलावा असलेल्या 100 किलो शेणात 82 किलो पाणी असते. त्यात 10 टक्के ओलाव्याचा 44 किलो पैरा मिसळला, तर 144 किलोच्या मिश्रणात सुमारे 86 किलो पाणी होते, म्हणजे ओलावा 60 टक्क्यांवर येतो. पैरा 31 किलो घेतला तर ओलावा 65 टक्के राहतो आणि 20 किलोच घेतला तर 70 टक्के. यावरून पैरा जितका अधिक तितके चांगले असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल, कारण येथे दुसरा एक हिशेब आडवा येतो. कुजण्यासाठी सुरुवातीच्या मिश्रणात नत्राच्या एका भागामागे कार्बनचे 25 ते 30 भाग असणे आदर्श मानले जाते, आणि यालाच कार्बन-नत्र गुणोत्तर म्हणतात. शेणात ते साधारण 20 ते 25 असते, पैऱ्यात 60 ते 100. म्हणजे 44 किलो पैऱ्याने ओलावा साधतो, पण गुणोत्तर 40च्या आसपास जाऊन कुजण्याचा वेग घटतो. हा पेच सोडवण्याचा मार्ग गोठ्यातच आहे: कोरा पैरा थेट ढिगावर टाकण्याऐवजी तो आधी जनावरांच्या खाली एक-दोन दिवस पसरावा, म्हणजे तो मूत्र शोषून घेतो आणि मूत्रातील नत्र त्याच्याबरोबर ढिगात येते. त्यामुळे व्यवहारात 100 किलो शेणामागे 30 किलोंच्या आसपास मूत्राने भिजलेला पैरा घ्यावा आणि उरलेला जादा ओलावा उष्णतेच्या टप्प्यात वाफेवाटे जाऊ द्यावा, हा मध्यममार्ग बहुतेक गोठ्यांना मानवतो. याबरोबर कोंबडीखत उपलब्ध असेल तर तेही थोडे मिसळावे. ते नत्राने समृद्ध आणि तुलनेने कोरडे असते. शेळ्या-मेंढ्यांच्या लेंड्या मात्र वरून घट्ट आणि कोरड्या असतात, त्या फोडून व पाणी शिंपडूनच ढिगात घालाव्या लागतात.

ओलावा मोजण्यासाठी यंत्राची आवश्यकता नाही. ढिगाच्या पृष्ठभागावरून नव्हे, तर हातभर आतून तीन-चार ठिकाणचा माल घेऊन तो एकत्र कालवावा आणि मूठभर घेऊन पूर्ण ताकदीने दाबावा. बोटांच्या पेरांमधून एक-दोन थेंब डोकावले, मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला आणि अंगठ्याने टोचताच तो फुटला, तर ओलावा योग्य आहे. पाण्याची धार लागली तर तो फार जास्त आहे, आणि मूठ उघडताच माल विस्कटून तळवा कोरडाच राहिला तर फार कमी. या चाचणीला अंथरणाचा गुणधर्म फसवू शकतो: लाकडाचा भुसा पाणी पोटात धरून ठेवत असल्याने हात कोरडा राहतो, तर तूस पाणी शोषत नसल्याने कमी ओलाव्यालाही थेंब दिसतात. शंका असल्यास 100 ग्रॅम माल पत्र्याच्या ताटात पातळ पसरून, वजन घटायचे थांबेपर्यंत उन्हात वाळवावा. उरलेले वजन 42 ग्रॅम भरले तर ओलावा सुमारे 58 टक्के होता असे समजावे. उन्हात अखेरचा अंश सुकत नाही, म्हणून खरा आकडा याहून किंचित जास्तच असतो. पोकळीचीही अशीच सोपी पारख आहे. 10 लिटरची बादली मिश्रणाने, हाताने न दाबता, काठोकाठ भरून तोलावी. आतील माल 6 किलोंपेक्षा जड भरला तर हवेला जागा उरलेली नाही आणि आणखी पैरा हवा.

ढीग तळाशी दोन ते अडीच मीटर रुंद, एक ते दीड मीटर उंच आणि सोयीनुसार लांब असावा. तळाला वीतभर जाडीचा कोरड्या, न चिरलेल्या पैऱ्याचा किंवा तुराट्यांचा थर द्यावा. तो खालून हवा आत घेतो आणि निथळणारे पाणी धरतो. एक घनमीटरपेक्षा लहान ढिगात उष्णता टिकत नाही, त्यामुळे एक-दोन जनावरे असणाऱ्या शेजाऱ्यांनी शेण एकत्र करणे केव्हाही श्रेयस्कर. ओलावा आणि हवा जमून आल्यास दोन-तीन दिवसांत गाभ्याचे तापमान 55 ते 65 अंश सेल्सिअसपर्यंत चढते, आणि याच उष्णतेत रोगजंतू, माश्यांच्या अळ्या व गाजरगवतासारख्या तणांचे बी मरते. पहिल्या उलथापालथीनंतर ढीग पुन्हा तापला, तर मिश्रण बरोबर आहे याची ती सर्वांत भरवशाची खूण समजावी. उलथापालथ पहिल्या महिन्यात दर आठ-दहा दिवसांनी आणि पुढे कमी वेळा करावी.

पावसाळ्यात ढीग सांभाळण्याबाबत इंदूरच्या अनुभवाचे मोल आजही कमी झालेले नाही. अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी 1931 साली पुस्तकरूपाने मांडलेली इंदूर पद्धत मुळात गोठ्यातील अंथरणावरच उभी होती: शेतातला काडीकचरा आधी बैलांच्या खाली पसरायचा, तुडवला जाऊन आणि मूत्राने भिजून तो मऊ झाला की शेण व गोठ्यातील मूत्र शोषलेल्या मातीसह रचायचा. कोरड्या ऋतूत ही रचना उथळ खड्ड्यात होत असे, पावसाळ्यात मात्र तोच माल जमिनीवरच्या ढिगात हलवला जाई, कारण खड्ड्यात पाणी साचून हवा कोंडते. बोरसीच्या परिसरातही उन्हाळ्यात खड्डा आणि पावसाळ्यात ढीग हाच क्रम योग्य ठरतो. बारमाही खड्डा म्हणजे चार महिन्यांचे डबके.

पावसाळी ढिगासाठी भोवतालच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच, टणक ठोकलेली आणि एका बाजूला उतार असलेली जागा निवडावी, वरच्या अंगाने येणारे पाणी वळवण्यासाठी चर खणावा आणि ढिगाचा माथा सपाट न ठेवता घराच्या पाख्यासारखा निमुळता करावा. माथ्यावर ताडपत्री टाकायची असल्यास ती बांबूच्या आधाराने ढिगापासून थोडी वर राहील अशी बांधावी; थेट अंगावर लपेटलेल्या ताडपत्रीखाली वाफ जमून पाणी पुन्हा आतच ठिबकते आणि हवा बंद होते. शेकारणीसारखा उतरता रचलेला, हातभर जाडीचा पैऱ्याचा थर पाऊस बऱ्यापैकी ओघळवतो आणि वाफही बाहेर जाऊ देतो, त्यामुळे अनेकदा तोच ताडपत्रीपेक्षा सरस ठरतो. ढिगातून पाझरणारा काळपट द्राव विहिरीकडे किंवा नाल्याकडे जाऊ देऊ नये. तो लहान खड्ड्यात धरून कोरड्या पडलेल्या नव्या ढिगावर शिंपडावा. त्यात नत्र आणि पालाश असते, पण रोगजंतूही असतात, म्हणून तयार खतावर तो कधीही टाकू नये. मुसळधार पावसाच्या दिवशी ढीग उलथू नये हे सांगण्याची गरज पडू नये, परंतु वेळापत्रक पाळण्याच्या हट्टापायी तसे घडते.

उन्हाळ्यात चित्र पालटते. एप्रिल-मे महिन्यांत पारा 42-44 अंशांपर्यंत जातो, कोरडा वारा वाहतो, आणि ढिगाची स्वतःची उष्णताही पाणी उडवत असते. कुजण्याच्या क्रियेतून थोडे पाणी निर्माण होते खरे, पण उडणाऱ्या पाण्याच्या मानाने ते अपुरे पडते. ढीग अशा वेळी झाडाच्या किंवा छपराच्या सावलीत असावा आणि त्यावर ओली पोती अंथरावीत. वरून नळी धरून पाणी सोडण्याचा उपयोग होत नाही, कारण सुकलेला पैरा पाणी झटकून टाकतो आणि ते कडेने वाहून जाते. पाणी उलथापालथीच्या वेळी थराथराने, झारीने द्यावे. त्याचे मापही काढता येते: 40 टक्के ओलाव्याचा 1000 किलो माल 55 टक्क्यांवर आणायचा असेल, तर त्यातील 600 किलो कोरडा भाग धरून 333 लिटर पाणी लागते. उलट पावसात भिजून 72 टक्क्यांवर गेलेला 1000 किलो माल 62 टक्क्यांवर आणण्यासाठी जवळपास 190 किलो कोरडा पैरा मिसळावा लागतो. पाणी घालणे किती स्वस्त आणि काढणे किती महाग आहे, हे या दोन आकड्यांवरून दिसून येते.

ढीग स्वतःच आपली अवस्था सांगत असतो. आत करड्या-पांढऱ्या भुकटीसारखी बुरशी दिसली आणि मुंग्यांनी घर केले, तर तो कोरडा पडला आहे. डोळ्यांना झोंबणारा अमोनियाचा वास पाण्यापेक्षा नत्राच्या आधिक्याचा निदर्शक असतो आणि त्यावर कोरडा पैराच उपाय ठरतो. नासक्या अंड्याचा वास मात्र पाणी तुंबल्याचा, आणि त्याला उलथापालथ व पैरा दोन्ही लागतात. ढीग तापत नाही, वासही नाही आणि माल ओलसर आहे, अशी स्थिती असेल तर नत्राची उणीव गृहीत धरावी.

गांडूळखत करायचे असल्यास ओलाव्याचे गणित पुन्हा बदलते. आयसेनिया फेटिडा या जातीची गांडुळे त्वचेतून श्वास घेत असल्याने त्यांना 60 ते 70 टक्के ओलावा हवा असतो आणि तापमान 30 अंशांच्या आसपास किंवा त्याहून कमी लागते. म्हणून शेण-पैऱ्याचे मिश्रण आधी पंधरा-वीस दिवस ढिगात तापवून, निवाल्यावरच वाफ्यात भरावे. विक्रीच्या खतासाठी अट वेगळी आहे. खत नियंत्रण आदेश, 1985 नुसार गांडूळखतात 15 ते 25 टक्के ओलावा अपेक्षित असतो, त्यामुळे तयार खत सावलीत पसरून सुकवणे आणि चाळणे हा वेगळा टप्पा धरावा लागतो. ते कडक उन्हात वाळवू नये. त्याने उपयुक्त जीवाणू मरतात.

या सर्व नियोजनाचा आधार कोरडा पैरा आहे आणि तो नेमका पावसाळ्यात मिळत नाही. धानाची कापणी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये होते, यंत्राने कापलेल्या शेतांतला पैरा पुष्कळदा जागेवरच पेटवला जातो, आणि जूनमध्ये तोच शोधत फिरावे लागते. दिवसाला 10 ते 15 किलो शेण देणाऱ्या एका जनावरामागे रोज 3 ते 4.5 किलो पैरा धरला, तर जून ते सप्टेंबर या सुमारे 120 दिवसांसाठी 360 ते 540 किलो पैरा लागतो, म्हणजे पाच जनावरांच्या गोठ्याला साधारण 1.8 ते 2.7 टन. एवढा साठा चाऱ्याच्या पैऱ्यापासून वेगळा, उंच मचाणावर आणि छपराखाली मृग नक्षत्र लागण्यापूर्वी रचून ठेवावा.